महाविद्यालयात कुस्ती सुरू करायची असेल तर: मुंबईतील विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी मार्गदर्शन

आपल्या महाविद्यालयात कुस्तीचा संघ असावा असे वाटणारे विद्यार्थी आणि शिक्षक प्राचार्यांकडे जातात, तेव्हा ते बहुधा लाल मातीचा, परंपरेचा आणि महाराष्ट्राच्या मल्लविद्येचा दाखला देतात. प्राचार्य तो आदराने ऐकून घेतात आणि विषय पुढच्या वर्षावर जातो. यात प्राचार्यांचा दोष नसतो. जागा कोणती, शिकवणार कोण, मुलांना इजा झाली तर जबाबदार कोण आणि पैसा कुठून येणार, हे चार प्रश्न त्यांच्यासमोर असतात आणि परंपरेचा अभिमान त्यांपैकी एकाचेही उत्तर देत नाही. म्हणून या लेखाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: आखाडा मागण्याऐवजी खेळणाऱ्या मुलामुलींची नावे कागदावर आणावीत आणि एका वर्षापुरती, मोजता येईल इतकी लहान मागणी करावी.

पहिली पायरी: मुले शोधणे

मुंबईत कुस्ती नव्याने आणायची नाही, ती इथे आहेच. गिरणगावात सातारा, सांगली, कोल्हापूरकडून आलेल्या कामगारांनी तालमी धरल्या. माथाडी कामगारांच्या घरांत पैलवानकी पिढ्यान्‌पिढ्या आहे, ठाणे-रायगडच्या आगरी गावांतून जत्रेला कुस्त्या लागतात आणि उपनगरांतील दूधव्यवसायातल्या उत्तर भारतीय कुटुंबांनी आपली तालमीची शिस्त सोबत आणली. नरसिंग यादव याच शहरात वाढले, कांदिवलीच्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात घडले, २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी झाले आणि २०१५ च्या जागतिक स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळवले. २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. ती सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने जिंकली, पण अंतिम फेरीत तिच्यासमोर कल्याणची वैष्णवी पाटील होती. अशा घरांतली मुले आज आपल्याच वर्गांत बसलेली असतात. पहाटे तालमीत मेहनत करून ती पहिल्या तासाला येतात आणि महाविद्यालयाने कधी विचारलेलेच नसल्यामुळे ती स्वतःहून काही सांगत नाहीत.

त्यांना विचारणे हे पहिले काम. जिमखान्याच्या फलकावर आणि वर्गप्रतिनिधींमार्फत सूचना द्यावी आणि एका साध्या तक्त्यात प्रत्येकाचे वजन, आधीचा अनुभव, सध्या कुठे सराव करतो, राहण्याचे ठिकाण आणि दिवसातली मोकळी वेळ नोंदवावी. मुंबईत शेवटच्या दोन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत, कारण विरारहून किंवा कर्जतहून येणाऱ्या मुलाला संध्याकाळी सातचा सराव ठेवला तर तो दोन आठवड्यांत गळतो. यादीचे तीन भाग करावेत: आधीपासून कुस्ती खेळणारे, ज्युदो, कबड्डी किंवा मल्लखांब करून अंगात तयारी असलेले आणि पूर्ण नवखे. मुलींची नावे वेगळ्या कागदावर न लिहिता याच यादीत लिहावीत, कारण खेळाडूंच्या एकूण संख्येत त्या सुरुवातीपासूनच धरल्या गेल्या पाहिजेत.

ही यादी करताना एक गोष्ट नवख्यांच्या हमखास लक्षात येत नाही. अकरावी-बारावीचे विद्यार्थी विद्यापीठाच्या स्पर्धांत खेळू शकत नाहीत. त्यांचा मार्ग जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होणाऱ्या १९ वर्षांखालील शालेय स्पर्धांतून जातो. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाच्या संघात आणि तिथून ‘भारतीय विद्यापीठ संघ’ या संस्थेच्या अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत जातात. तिथे वयाची अट साधारणपणे १७ ते २५ वर्षांची असते. दोन्ही मार्गांचे अर्ज, ओळखपत्रे आणि मुदती वेगळ्या आहेत. एकाच आवारात कनिष्ठ आणि वरिष्ठ अशी दोन्ही महाविद्यालये असतील, तर सराव एकत्र आणि नोंदणी वेगळी ठेवावी.

यादीत दहाच नावे आली तरी निराश होऊ नये. कबड्डीला सात आणि फुटबॉलला अकरा खेळाडू जमल्याशिवाय महाविद्यालयाला मैदानात उतरता येत नाही, पण कुस्तीत एकच तयार मल्ल असला तरी महाविद्यालयाचे नाव स्पर्धेत लागते आणि त्याचे पदक हे महाविद्यालयाचे पदक ठरते. संपूर्ण प्रस्तावात याहून वजनदार मुद्दा दुसरा नाही. तो पहिल्याच पानावर असावा.

दुसरी पायरी: नेमके काय मागतो आहोत ते ठरवणे

विद्यापीठ स्तरावरची कुस्ती मॅटवर होते, मातीवर नाही. महाराष्ट्र केसरीत गादी (म्हणजे मॅट) आणि माती असे दोन विभाग असल्याने अनेकांची येथे गल्लत होते आणि प्राचार्य ‘आखाडा’ हा शब्द ऐकताच आवारात मातीचा हौद खणावा लागेल अशी समजूत करून घेतात. तसे काही करावे लागत नाही, हे आरंभीच स्पष्ट करावे. मातीतला सराव अंगाला ताकद आणि पकड देतो, याबद्दल वाद नाही. पण त्यासाठी आठवड्यातून एकदा जवळच्या तालमीत जाता येते.

खेळाचे तीन प्रकार आहेत: पुरुषांची फ्रीस्टाइल, पुरुषांची ग्रीको-रोमन आणि महिलांची फ्रीस्टाइल. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकड करता येत नाही आणि पायांनी डावही टाकता येत नाही. त्यामुळे पट काढण्याची, म्हणजे पाय धरून पाडण्याची, सवय असलेल्या आपल्याकडच्या मुलांनी फ्रीस्टाइलपासून सुरुवात केलेली बरी. जागतिक संघटनेच्या नियमांनुसार प्रत्येक प्रकारात दहा वजनगट आहेत. पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये ते ५७ किलोपासून १२५ किलोपर्यंत आणि महिलांमध्ये ५० पासून ७६ किलोपर्यंत जातात. लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. बुटका, उंच, सडपातळ, जाडजूड अशा प्रत्येक शरीरयष्टीला येथे आपला गट मिळतो आणि इतर खेळांत ‘तू बसत नाहीस’ असे ऐकलेल्या मुलांसाठी ही लहान गोष्ट नसते.

तिसरी पायरी: जागेचे गणित

मुंबईत बहुतेक प्रस्ताव जागेवर अडतात, म्हणून हा भाग मीटरमध्ये मांडावा. स्पर्धेची पूर्ण मॅट १२ बाय १२ मीटरची असते आणि तिच्यातले लढतीचे वर्तुळ ९ मीटर व्यासाचे असते. एवढी, म्हणजे सुमारे १,५५० चौरस फूट, मोकळी जागा दक्षिण मुंबईतल्या किंवा दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतीत सापडणे कठीण आहे, आणि ती मागूही नये. सरावासाठी ६ बाय ६ मीटरची मॅट पहिल्या वर्षी पुरते. तिच्यावर एका वेळी तीन ते चार जोडांना डावांचा सराव करता येतो आणि बाकीचे त्या वेळेत बाजूला जोर-बैठका व दोरावरची मेहनत करतात.

मॅट सहसा १ बाय २ मीटरच्या तुकड्यांत येते. ६ बाय ६ मीटरसाठी असे १८ तुकडे लागतात, आणि प्रत्येकाची जाडी ६ सेंटीमीटर धरली तर सगळ्यांची मिळून एक मीटरपेक्षा थोडी अधिक उंचीची एकच थप्पी होते. म्हणजे सराव संपल्यावर संपूर्ण कुस्ती सभागृहाच्या कोपऱ्यातल्या दोन चौरस मीटर जागेत उभी राहते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेथे परीक्षा, व्याख्यान किंवा सांस्कृतिक मंडळाची तालीम घेता येते. पूर्ण मॅटचे ७२ तुकडेही २४-२४ च्या तीन थप्प्यांत सहा चौरस मीटरमध्ये मावतात. हे गणित जागेच्या आराखड्यासह प्रस्तावाला जोडावे. ‘सभागृह कायमचे अडवणार नाही’ या तोंडी आश्वासनापेक्षा दोन चौरस मीटर हा आकडा समितीला अधिक पटतो.

जागा निवडताना भिंती आणि खांब किती जवळ आहेत ते पाहावे व त्यांना गादीचे आवरण लावण्याचा खर्च धरावा. तळमजल्यावर पावसाळ्यात ओल येते का हे जुलैत स्वतः जाऊन पाहावे, कारण ओलीवर ठेवलेली मॅट खालून बुरशी धरते. स्नानगृह जवळ असणे ही सोय नव्हे, गरज आहे. त्याचे कारण पुढे येईल. महाविद्यालयात ज्युदोच्या गाद्या आधीच असतील, तर त्यांच्यावर ताणलेले आवरण टाकून पहिले काही महिने पडण्याचा आणि पवित्र्याचा सराव करता येतो. त्या कुस्तीच्या मॅटपेक्षा कडक असतात, त्यामुळे उचलून टाकण्याचे डाव मात्र त्यांच्यावर शिकवू नयेत.

चौथी पायरी: वस्ताद

शिकवणाऱ्या माणसाशिवाय मॅट घेणे हा पैशाचा अपव्यय आहे आणि मुलांच्या जिवाशी खेळ आहे. मुंबईत तीन ठिकाणी शोध घ्यावा: शहर आणि उपनगर या दोन्ही जिल्ह्यांतील कुस्ती संघटना, पोलीस आणि रेल्वेच्या सेवेतले आजी-माजी मल्ल आणि पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षण पदविका घेतलेले प्रशिक्षक. उत्तम मल्ल हा उत्तम शिक्षक असतोच असे नाही. नवख्या मुलाला पहिल्या महिन्यात काय शिकवाल असे विचारावे. जो पडायचे कसे, मान कशी सांभाळायची आणि पवित्रा कसा धरायचा यांपासून सुरुवात करतो त्याला घ्यावे, आणि जो पहिल्याच दिवशी जोड लावून कुस्ती बघतो त्याला नम्रपणे नकार द्यावा.

आठवड्यातून तीन दिवस, दीड तास, मानधन तत्त्वावर आणि लेखी करारासह, एवढे पहिल्या वर्षाला पुरेसे आहे. परिसरातल्या एखाद्या जुन्या तालमीशी सहकार्याचा करार झाला, तर महाविद्यालयाला वस्ताद मिळतो, तालमीला तरुण मुले मिळतात आणि ओस पडू लागलेल्या एखाद्या हौदात पुन्हा शड्डू ऐकू येतो. मला या मार्गाबद्दल मनापासून आस्था आहे. तरीही त्यात एक अट असावी: महाविद्यालयाच्या नावाने होणाऱ्या प्रत्येक सरावाची हजेरी आणि जबाबदारी शारीरिक शिक्षण संचालकांकडेच राहावी.

पाचवी पायरी: आक्षेपांची उत्तरे आधीच लिहिणे

इजेचा प्रश्न टाळू नये. कुस्तीत खांदा, गुडघा, मान आणि कान यांना मार बसतो. कानात रक्त साठून तो कायमचा वाकडा होऊ नये म्हणून सरावात कानांचे संरक्षक वापरावे. पहिल्या महिन्यात लढत नाही, वजनात फार फरक असलेल्यांचा जोड नाही आणि प्रशिक्षक हजर नसताना मॅटवर कोणी नाही, हे तीन नियम प्रस्तावातच लिहावेत. प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी, अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे संमतिपत्र, प्रथमोपचाराची पेटी आणि जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक यांची व्यवस्था करावी. महाविद्यालयाचा विद्यार्थी विमा खेळातली दुखापत धरतो की नाही, हे कार्यालयातून लेखी विचारून घ्यावे.

त्वचेचे रोग हा मुंबईत विशेष जपण्याचा विषय आहे. गजकर्णासारखे बुरशीचे आणि पूयुक्त फोडांचे आजार अंगाला अंग लागून आणि अस्वच्छ मॅटवरून पसरतात, आणि इथल्या दमट हवेत ते झपाट्याने वाढतात. म्हणून मॅट प्रत्येक सरावाआधी जंतुनाशकाने पुसावी, बाहेरची पादत्राणे तिच्यावर आणू नयेत, नखे कापलेली असावीत, टॉवेल स्वतंत्र असावा, सरावानंतर लगेच आंघोळ व्हावी आणि अंगावर चट्टा दिसलेल्याने डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत मॅटवर उतरू नये.

वजन उतरवण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत सुमारे महिनाभरात तीन महाविद्यालयीन मल्ल मृत्युमुखी पडले. खालच्या वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडून, रबरी कपडे घालून, गरम खोलीत व्यायाम करून ते घाम गाळत होते. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने असे उपाय बंद केले, वजन लढतीच्या अगदी आधी घेण्यास सुरुवात केली आणि हंगामाच्या आरंभी प्रत्येक मल्लाचे किमान सुरक्षित वजन ठरवण्याची पद्धत आणली. आपल्याकडे हा नियम कोणी लादण्याची वाट पाहू नये. जुलैत प्रत्येकाचे वजन नोंदवावे, डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याचा गट ठरवावा आणि उपाशी राहून गट बदलणाऱ्या मुलाला त्या स्पर्धेला पाठवू नये. त्याच बैठकीत खुराकाबद्दल बोलावे. दूध, अंडी, डाळ, बदाम यांवर शरीर घडते. व्यायामशाळेत कोणीतरी दिलेली अनोळखी भुकटी मुलाला उत्तेजकविरोधी चाचणीत अडकवू शकते.

मुलींच्या पालकांना सुरक्षिततेची खात्री हवी असते आणि ती मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. २०२३ मध्ये देशातल्या अव्वल महिला मल्लांना लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर आंदोलनाला बसावे लागले, हे सर्वांनी पाहिले आहे. त्यामुळे केवळ ‘आमच्याकडे असे काही होणार नाही’ म्हणून भागत नाही. सरावाला आणि बाहेरगावच्या स्पर्धेला महिला शिक्षिका किंवा महिला व्यवस्थापक सोबत असावी, कपडे बदलण्याची खोली वेगळी असावी, प्रशिक्षकाची पूर्वमाहिती तपासलेली असावी आणि महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावे सरावाच्या जागेतच लावलेली असावीत. महिला प्रशिक्षक मिळाली तर थोडे अधिक मानधन द्यावे लागले तरी तिलाच प्राधान्य द्यावे. महिला कुस्ती २००४ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे आणि २०१६ मध्ये साक्षी मलिकने रिओत कांस्यपदक जिंकले. मुलींना खेळ नको आहे असे समजणाऱ्यांनी एकदा सूचना लावून नावे मागवून पाहावीत.

सहावी पायरी: कोणते मुद्दे मांडावेत, कोणते नाही

अमेरिकेत कुस्ती सुरू करण्याचा मोठा युक्तिवाद प्रवेशसंख्येचा असतो. लहान खाजगी महाविद्यालयांना संघामुळे शुल्क भरणारे पंचवीस-तीस विद्यार्थी मिळतात. तिथे मुलींच्या कुस्तीचा विस्तार इतका झाला, की जानेवारी २०२५ मध्ये महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने तिला स्वतंत्र राष्ट्रीय अजिंक्यपदाचा दर्जा मंजूर केला. मुंबईतल्या ज्या अनुदानित महाविद्यालयांत पहिल्याच यादीत जागा भरतात, तिथे प्रवेशसंख्येचा मुद्दा चालणार नाही. अमेरिकेतला दुसरा धडा मात्र आपल्या उपयोगाचा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२० मध्ये कुस्तीसह अकरा खेळ बंद करण्याचे जाहीर केले आणि माजी खेळाडूंच्या संघटित प्रयत्नांनंतर २०२१ मध्ये तो निर्णय मागे घेतला. आपल्या महाविद्यालयाचे जे माजी विद्यार्थी कधीकाळी तालमीत गेले, त्यांची पत्रे प्रस्तावाला जोडावीत.

आपल्याकडे चालणारे मुद्दे वेगळे आहेत. नॅक या महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनात आंतरविद्यापीठ, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरच्या क्रीडा पदकांची नोंद घेतली जात आली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या आराखड्यात क्रीडा आणि शारीरिक तंदुरुस्तीला सह-अभ्यासक्रम म्हणून श्रेयांक आहेत. २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांत कुस्ती आहे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण कोणत्या स्पर्धेचे कोणते प्रमाणपत्र कोणत्या पदाला चालते हे शासन निर्णयाने ठरते. म्हणून ‘कुस्ती खेळा, नोकरी मिळेल’ असे आश्वासन मुलांना कदापि देऊ नये.

इतिहासाचा एक दाखला मात्र जरूर द्यावा. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मॅटची सवय नसतानाही ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकले. खाशाबांनी तिथून आणलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक ठरले. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता राज्य क्रीडा दिन आहे. प्रस्तावाची पहिली चर्चा त्या दिवसाच्या कार्यक्रमात घडवून आणता आली तर उत्तम.

सातवी पायरी: पैसा, अर्ज आणि वेळ

खर्चाची दोन पाने पुरतात. मॅट आणि आवरण हा एकदाच होणारा मोठा खर्च आहे आणि त्यासाठी तीन विक्रेत्यांची दरपत्रके जोडावीत. मानधन, स्वच्छता, प्रवेश शुल्क, प्रवास आणि औषधे हे दरवर्षीचे खर्च वेगळे दाखवावेत. दरवर्षीचा भाग जिमखाना शुल्कातून मागावा. मॅटसाठी कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीकडे वळावे, कारण कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट समावेश आहे आणि देशातल्या कितीतरी मोठ्या कंपन्यांची मुख्यालये आपल्याच शहरात आहेत. व्यायामशाळा विकास अनुदानाच्या चालू अटींची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करावी.

भेटींचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी शारीरिक शिक्षण संचालक, मग जिमखाना समितीचे प्रमुख, मग प्राचार्य आणि शेवटी महाविद्यालय विकास समिती. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार वार्षिक अंदाजपत्रक हीच समिती तयार करते, म्हणून प्रस्ताव तिच्यापर्यंत लेखी पोहोचलाच पाहिजे. संचालकांना वगळून थेट वर गेल्यास उद्या सरावाच्या किल्ल्या ज्यांच्याकडे राहणार तेच दुखावतात. अर्ज डिसेंबरच्या अखेरीपर्यंत द्यावा, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात त्याला जागा मिळते. जूनमध्ये अर्ज करणाऱ्याला ‘तरतूद नाही’ हे उत्तर मिळते, आणि ते खरेच असते.

मागणी एका वाक्यात मावावी: ‘एका शैक्षणिक वर्षासाठी, आठवड्यातून तीन दिवस, सभागृहाचा ६ बाय ६ मीटर भाग, एक मानधनी प्रशिक्षक आणि मॅटचे १८ तुकडे मंजूर करावेत.’ त्याखाली विद्यार्थ्यांची सह्यांनिशी यादी, जागेचा आराखडा, सुरक्षिततेचे नियम, दरपत्रके आणि जबाबदार शिक्षकाचे नाव जोडावे.

मंजुरी मिळाल्यावर जुलैत वैद्यकीय तपासणी आणि पायाभूत सराव सुरू करावा. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तारखा मिळताच त्या प्रथम सत्र परीक्षेच्या वेळापत्रकाशी पडताळून परीक्षा विभागाला कळवाव्यात. पहिल्या वर्षी यादीतल्या पहिल्या गटातल्या, म्हणजे आधीपासून खेळणाऱ्या मुलांनाच स्पर्धेत उतरवावे. नवख्यांना प्रेक्षक आणि मदतनीस म्हणून सोबत न्यावे. हजेरी, दुखापती, वजनाच्या नोंदी आणि निकाल यांची एकच वही ठेवावी व नोव्हेंबरअखेर तिच्या आधारे समितीला दोन पानी अहवाल द्यावा. किती मुले टिकली, किती गळली आणि का गळली हे त्यात जसेच्या तसे असावे, आणि पुढच्या वर्षाची मागणी त्या अहवालासोबतच द्यावी.